एका मेनूवर सहा देश: पॅन-एशियन हॉटेलात पैसे नेमके कशाचे मोजायचे?

तिरफळ (धागाकर्ता)

वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळ, वांद्रे पश्चिम. कुठेही जा, साचा तोच. डोळे फाडून मेनू वाचावा लागेल इतका मंद उजेड, काळ्या दगडाची टेबलं, आणि हातात जाडजूड मेनू. त्यात कँटनचे डिमसम (सारण भरलेले, बहुधा वाफवलेले छोटे पदार्थ), जपानी सुशी, थाई हिरवी करी, कोरियन बिबिमबाप, मलेशियन लक्सा, व्हिएतनामी रोल, आणि शेवटच्या पानावर अंग चोरून उभ्या हाका नूडल्स. दोघांचं बिल, दारू न घेता, चार-पाच हजारांच्या घरात सहज जातं.

माझं म्हणणं असं की यातले बरेचसे पैसे रांधण्याचे नसून पसाऱ्याचे असतात.

मुंबईत हे पूर्वी असं नव्हतं. ताजमहाल हॉटेलात 1973 साली गोल्डन ड्रॅगन सुरू झालं ते सिचुआन जेवण घेऊन. 1993 चं थाई पॅव्हिलियन नावाप्रमाणे थाईच. 2004 साली ताजमध्येच वसाबी आलं ते जपानी. एक भटारखाना, एक पाकपद्धती. आता एकाच छताखाली सहा देश नांदतात, आणि सगळ्यात जास्त मार खाते ती सुशी.

कारण सुशी म्हणजे आधी भात, मग मासा. आखूड, चिकट दाण्याचा एक किलो तांदूळ, त्याला साधारण 1.1 ते 1.2 लिटर पाणी. शिजल्यावर 130-150 मिली तांदळाचं व्हिनेगर, 70-80 ग्रॅम साखर आणि 20-25 ग्रॅम मीठ यांचं मिश्रण गरम भातावर ओतायचं आणि उलथन्याने कापत कापत, दाणा न मोडता मिसळायचं. मग तो अंगाच्या उबेइतका, म्हणजे 36-37 अंशांवर ठेवून तीन-चार तासांत संपवायचा. जिथे रात्रभरात सुशीच्या दहाच प्लेटी जातात तिथे हे कोण करणार? उरलेला भात फ्रीजमध्ये जातो, स्टार्च घट्ट होतं, दाणा आतून टचटचीत लागतो. मग त्यावर तिखट मेयोनीज, तेंपुराचा (तळलेल्या पिठाचा) चुरा आणि गोड सोया सॉसच्या नक्षीचं पांघरूण. निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाची चकती, बोटाला गार लागली की समजावं.

म्हणून ज्यांचा मेनू दोन पानांत संपतो तिथेच पैसे टाकावेत. वीस पानी मेनू म्हणजे सगळं आणि काहीच नाही.

भट्टीवाला

सुशीच्या भाताचं प्रमाण बरोबर आहे, निष्कर्षाशी असहमत.

बाहेरून मेनू एक दिसतो, आत भटारखाना एक नसतो. डिमसमचा विभाग वेगळा, वोकची (चिनी कढईची) रांग वेगळी, सुशीचं काउंटर वेगळं, करीवाले वेगळे. डिमसमचा माणूस आयुष्यात वोकला हात लावत नाही. चांगल्या जागी पैसे जातात ते या हातांचे.

हार गाव घ्या, म्हणजे पारदर्शक पारीची कोलंबीची मोमोसारखी दिसणारी वस्तू (मोमो म्हटलं की डिमसमवाले दुखावतात, असो). पारीत मैदा नसतो. ग्लुटेन काढून टाकलेलं गव्हाचं सत्त्व असतं, म्हणजे आपण कुरडयांसाठी गहू भिजवून जो चीक काढतो तोच, वाळवलेला. 100 ग्रॅम सत्त्वाला 50 ग्रॅम टॅपिओका (ज्याचा साबुदाणा करतात ते पीठ), चिमूट मीठ, चमचाभर तेल आणि 150 ते 180 मिली खळखळतं पाणी. पाणी नुसतं गरम असलं तर उकड जमत नाही, पारी वाफेवर फाटते. उकडीच्या मोदकाला लागते तीच हातोटी, फक्त इथे पारी तांदळाच्या उकडीपेक्षा कितीतरी पातळ. तेल लावलेल्या सुऱ्याच्या पात्याने दाबून आठ सेंटिमीटरची चकती करायची, 15-18 ग्रॅम सारण, आणि एकाच बाजूला दहा-बारा कळ्या. मोदकाला कळ्या चारी बाजूंनी येतात, याला एकीकडूनच, म्हणून तो कंगव्यासारखा वाकतो.

सारणातली कोलंबी 'कटकन' तुटते तीही आपोआप नाही. सोललेल्या अर्ध्या किलो कोलंबीला मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा चोळून 15-20 मिनिटं ठेवतात, मग गार वाहत्या पाण्याखाली धरतात आणि फडक्याने पार कोरडी करतात. सोड्याने कोलंबीतली प्रथिनं पाणी धरून ठेवतात. धुण्यात आळस केला की साबणाची चव येते. कोरडं करण्यात आळस केला की पारीच्या तळाशी पाणी साचून ती टोपलीला चिकटते.

पाच-सहा मिनिटं वाफ. आणि इथे हॉटेलपेक्षा गिऱ्हाईकच घोळ घालतं. टोपली टेबलावर आल्यापासून चार-पाच मिनिटांत हार गाव संपला पाहिजे. गार होताच पारी पांढुरकी आणि रबरी होते. आधी वरून फोटो, मग बाजूने फोटो, मग झाकण पुन्हा ठेवून वाफेचा व्हिडिओ, आणि नंतर 'चामट होतं' म्हणून रेटिंग. त्याला कोण काय करणार?

चिंचगूळ

+१. आणि शेवटच्या पानावरच्या हाका नूडल्सना नावं ठेवू नका. त्यांच्याच पंगतीतलं चिकन मंचुरियन 1975 मध्ये नेल्सन वँग यांनी मुंबईतल्या क्रिकेट क्लबात केलं असं मानतात. म्हणजे अख्ख्या मेनूवर अस्सल मुंबईकर पदार्थ तोच एक!

तिरफळ

भट्टीवाले, डिमसमचं तुम्ही सांगता ते चांगल्या जागी होतं, मान्य. पण मधल्या फळीतल्या किती जागी पारी तिथल्या तिथे लाटतात? बरंच काही मध्यवर्ती किचनमधून गोठवून येतं.

वोकचं तर बोलायलाच नको. नूडल्सना तो धुराचा, किंचित करपल्यासारखा वास आला नाही तर मी तेच पंधराशे रुपये खाऊगल्लीच्या गाडीवर पाच खेपांत खर्च करीन. गाडीवाला निदान एकेक प्लेट टाकतो.

भट्टीवाला

गोठवणं हे पाप नाही, वितळवणं हे पाप आहे. कच्चे डंपलिंग उणे 18 अंशांवर गोठवून थेट फ्रीझरमधून वाफेवर गेले, पाच-सहाऐवजी आठेक मिनिटं दिली, तर ते ठीकच लागतात. सकाळी बाहेर काढून ठेवले की सारणाचं पाणी पारीत मुरतं आणि कळ्या फुटतात. ओळखायची खूण सांगतो: पारीच्या कडेला बारीक भेगा आणि पोटापाशी ओलसर डाग.

वोकबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर दोन-तीन किलोवॅटचा, चिनी भट्टी त्याच्या दहापट तरी. त्या आचेवर एका खेपेला एक प्लेट, फार तर दोन. शनिवारी रात्री नऊला सहा टेबलांच्या ऑर्डरी एकत्र करून किलोभर नूडल्स एकाच कढईत पडल्या की कढई थंडावते, भाज्या पाणी सोडतात आणि परतणं राहतं बाजूला, उकडणं होतं. यावर उपाय गिऱ्हाइकाच्याच हातात आहे. साडेसातला जा किंवा दुपारी जा. कढई तीच, आचारी तोच, चव वेगळी.

पडवळ

तुम्ही दोघे मासे-कोलंबीत रमलात. शाकाहारी माणूस या हॉटेलात जातो तेव्हा हिरव्या ठिपक्यावर विसंबतो, आणि तिथेच घोळ होतो. ऑर्डर देण्याआधी विचारायचे प्रश्न सांगते.

मिसो सूप: त्याचं पाणी, म्हणजे दाशी, बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या सालपटांचं असतं. 'कोंबूची दाशी आहे का?' असंच विचारायचं. कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ. थाई करी: भाज्यांची घेतली तरी वाटणात कपी (कोलंबीचा आंबवलेला लगदा) आणि वर फिश सॉस असू शकतो. वाटण तयार आणलेलं असेल तर आचारी ते काढून देऊ शकत नाही. किमचीत (कोरियन आंबवलेल्या कोबीत) मासा किंवा खारवलेला जवळा. परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस (कालवांचा), त्याला मशरूमचा पर्याय मिळतो पण मागावा लागतो. मेयोनीजमध्ये अंडं.

वेटरला 'व्हेज आहे ना?' विचारलं की उत्तर 'हो मॅडम' येणारच. 'यात फिश सॉस आहे का?' विचारलं की तो आत जाऊन बघून येतो. जैन मंडळींनी कांदा-लसणाबरोबर मशरूम आणि ट्रफलही सांगावं, दोन्ही बुरशीच.

ट्रफलवरून आठवलं. एडामामे आणि ट्रफलचे डंपलिंग आता जिथे तिथे. एडामामे म्हणजे कोवळे सोयाबीन, पाकिटातले गोठवलेले. ट्रफल तेलाचा वास बहुतेक वेळा 2,4-डायथायापेंटेन नावाच्या, कारखान्यात बनवलेल्या रसायनाचा. ताटलीतला सर्वांत महाग शाकाहारी पदार्थ हा, आणि कच्च्या मालाने बहुधा सर्वांत स्वस्त. तिरफळ यांचं म्हणणं इथे शंभर टक्के लागू.

मांदेली

माशाचं राहिलं. मेनूवर 'इंडियन सॅल्मन' दिसलं तर तो आपला रावस. चवीला उत्तम, पण सॅल्मनचा दूरचाही नातेवाईक नाही. सुशीतला नारिंगी सॅल्मन बहुतेक नॉर्वेच्या मत्स्यशेतीतला, विमानाने आलेला. तेव्हा वेटरने 'आज सकाळचा ताजा कॅच' म्हटलं तर हसून सोडून द्यावं.

ताज्याचा हा आग्रहही चुकीचाच. कच्चा खायचा समुद्री मासा परजीवी मरावेत म्हणून गोठवलेला बरा. अमेरिकी एफडीएचा दंडक उणे 20 अंशांवर सात दिवस, किंवा उणे 35 वर गोठवून 15 तास. घरच्या फ्रीझरच्या उणे 18 ला तो भरवसा नाही, म्हणून 'बाजारातून सुरमई आणून घरी साशिमी (कच्च्या माशाच्या चकत्या)' हा उद्योग करू नका. बांगड्याचं तर त्याहून अवघड. तो पकडल्यावर गारव्यात ठेवला नाही तर त्यात हिस्टामिन (अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य) तयार होतं, आणि ते गोठवून जात नाही, शिजवूनही नाही.

आणि ती हिरवी गोळी वसाबी नव्हे. हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग. खरा वसाबी समोर किसतात, कारण त्याचा झणका पाव तासात उडतो.

हिशोबनीस

चव सोडा, बिल बघा.

बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के. पण ज्या हॉटेलच्या खोलीचं भाडं दिवसाला 7500 च्या वर जातं, त्याच्या आतल्या रेस्टॉरंटला 18 टक्के. आठ हजारांचं जेवण एकीकडे 8400, दुसरीकडे 9440. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर व्हॅट वेगळा लागतो, म्हणून एकूण रकमेवर सरसकट जीएसटी लावलाय का ते तपासा.

सेवा शुल्क 10 टक्के छापून आलं तर आठ हजारांचे 8800, त्यावर 5 टक्के धरून 9240. म्हणजे 840 रुपयांचा फरक. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सांगितलं की हे शुल्क आपोआप लावायचं नाही, आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. काढा म्हणावं. नाही काढलं तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पाण्याच्या बाटलीवर मात्र भांडू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्येच मुभा दिली. साधं पाणी मागा, काचेच्या बाटलीचं बूच उघडण्याआधी.

भट्टीवाला

हिशोबनीस, कायद्याचं बरोबर. पण शुल्क काढायला लावलंत तर टीप टेबलावर ठेवा एवढंच. वेटरला दिलेली टीप तुम्हाला दिसते, आतला भांडी घासणारा दिसत नाही. बऱ्याच ठिकाणी त्याचा वाटा याच पैशातून निघतो.

हिशोबनीस

मग तो पगारात द्या आणि मेनूच्या किमतीत धरा. लपवून कशाला?

पडवळ

एक शंका. शाकाहारी सूप डंपलिंग आता मिळतात. त्यात जिलेटिन नसेल तर सूप आत कसं राहतं?

भट्टीवाला

अगारने, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेल्या, जेलीसारख्या जमणाऱ्या पदार्थाने. मूळ पदार्थात डुकराच्या किंवा कोंबडीच्या कातडीचा रस गोठवून त्याचे तुकडे सारणात घालतात. जिलेटिन 35 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे डंपलिंग कोमट झालं तरी सूप पातळच राहतं. अगार वितळायला 85 अंश लागतात. वाफेवर ते होतं, पण 40 च्या खाली आलं की पुन्हा जमायला लागतं. म्हणून शाकाहारी डंपलिंग जरा रेंगाळलं की आत सुपाऐवजी जेली. चमच्यात घ्यायचं, बाजूने एक छोटं भोक पाडायचं, वाफ जाऊ द्यायची, आधी सूप ओढायचं. शेंड्याला चिमटीत धरून उचललं तर फाटतं.

तिरफळ

डिमसमपुरती माघार घेतो. सुशीचं मत तेच: सहा देशांच्या मेनूवर ती मागवू नये.

भट्टीवाला

मागवण्याआधी काउंटरपाशी जाऊन भात कशात ठेवलाय ते बघा. झाकणाचा लाकडी डबा किंवा उबेचा वॉर्मर दिसला तर बसा. स्टीलच्या ट्रेमध्ये प्लास्टिक लावून खालच्या फ्रीजमधून येत असेल तर आमच्या नूडल्स आहेतच, साडेसातला.