मदत हवी आहे: आईच्या मानेतल्या गाठीत 'कडेने रक्तप्रवाह' आलाय, म्हणजे कॅन्सरच का?

नमस्कार. आईच्या (वय ५८) मानेत डावीकडे दीड महिन्यापासून गाठ आहे. दुखत नाही, ताप नाही. दाढेमुळे असेल म्हणून आधी अँटिबायोटिकचा कोर्स झाला, पण गाठ तशीच राहिली. काल डॉपलर सोनोग्राफी (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी) केली. रिपोर्ट असा: लिम्फ नोड (लसिका गाठ) १४ बाय ११ मिमी, गोलसर, हायलम दिसत नाही, रक्तप्रवाह कडेने, आरआय ०.८२, एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) करावी.

रात्री बसून वाचलं. साध्या सुजलेल्या गाठीत रक्तवाहिन्या हायलममधून, म्हणजे बीला जिथे डोळा असतो तशा जागेतून, आत शिरतात आणि फांद्यांसारख्या पसरतात. कॅन्सरच्या पेशी लसिकेबरोबर (लिम्फ या द्रवाबरोबर) येऊन गाठीच्या आवरणाखाली रुजतात आणि तिथेच नव्या वाहिन्या ओढून घेतात, म्हणून रंग कडेला दिसतो. हे वाचल्यापासून हातपाय गळालेत.

एवढ्यावरून निदान पक्कं समजायचं का? मामा ठासून सांगतात, गाठीला सुई लावली की ती पसरते. आईने ते ऐकलंय आणि आता ती एफएनएसीला तयार नाही. तिला काय सांगू?

प्रतिसाद १

मी रेडिओलॉजिस्ट आहे. तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, पण अर्धं आहे. कडेचा प्रवाह संशय वाढवतो, निदान करत नाही. टीबीच्या गाठीत, जिला जुनी माणसं गंडमाळ म्हणायची, आतला भाग सडला की वाहिन्या बाजूला ढकलल्या जातात आणि चित्र फसवं दिसतं. उलटही होतं: कॅन्सर नुकताच शिरलेल्या गाठीत प्रवाह हायलममधूनच, अगदी साध्या गाठीसारखा दिसू शकतो. लिम्फोमातही (लसिका पेशींच्या कॅन्सरमध्येही) हायलमचा प्रवाह बऱ्याचदा टिकून असतो.

आरआय म्हणजे वाहिनीतला अडथळा. पेशींची गर्दी वाहिन्या दाबते म्हणून तो वाढतो. ०.७ ते ०.८ च्या वर गेला की आम्ही सावध होतो, पण एकाच गाठीत दोन वाहिन्यांचे आकडे वेगळे येतात, त्यामुळे मी त्या एका आकड्यावर कधीच विसंबत नाही. शिवाय प्रोब (मानेवर फिरवतात ते यंत्राचं टोक) जोरात दाबला तर बारीक वाहिन्या मिटतात, आणि मशीन मंद प्रवाहासाठी लावलेलं नसेल तर असलेला प्रवाहही दिसत नाही.

खरं वजन सगळं एकत्र पाहण्याला आहे. लांबट गाठ सहसा साधी असते. आडवं माप उभ्याच्या निम्म्याहून जास्त झालं की गाठ गोल धरतात. तुमच्या आईची जवळजवळ ०.८ आहे. हायलम नाही, प्रवाह कडेने, औषधाने उतरली नाही. एवढं जुळल्यावर थांबू नका. एफएनएसी हवीच.

सुईबद्दल: ही सुई रक्त काढायच्या सुईइतकी किंवा त्याहून बारीक असते. तिच्यामुळे कॅन्सर पसरणं अतिशय विरळा. वाट पाहण्यात धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. सोनोग्राफीत बघत सुई घाला असं सांगा, म्हणजे संशयित भागातलाच नमुना येतो. नमुना टीबीच्या तपासणीलाही पाठवायला सांगा. आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर आधी कळवा. आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तोंड, घसा व थायरॉइड तपासून घ्या; गाठ दुसरीकडून आली असेल तर मूळ तिथे सापडतं.

प्रतिसाद २

माझ्या बहिणीच्या एफएनएसीत पहिल्यांदा पुरेशा पेशीच आल्या नव्हत्या. आम्ही 'काही निघालं नाही' असा अर्थ काढला आणि तीन आठवडे गमावले. पुन्हा सुई केली तेव्हा लिम्फोमाचा संशय आला, मग गाठीचा तुकडा काढून निदान झालं. 'अपुरा नमुना' आला तर त्याच दिवशी पुढची तारीख घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ताई, तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं, पण ते सांगितलंत म्हणून पहिला प्रश्न काय विचारायचा ते कळलं. पहिला प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. 'रक्त काढायच्या सुईइतकी' या शब्दांशी ती थांबली आणि मला परत वाचायला सांगितलं. उद्या सकाळची वेळ घेतली आहे. मामाही बरोबर येतायत. रिपोर्ट आला की इथेच लिहितो.