विषय: उत्तर: उत्तर: शनिवारच्या प्रसादाची यादी (आणि पेलिनबाई)

मिलिंद, डेटन. शुक्रवार, २९ ऑगस्ट २००८

मंडळी,

मोदकांची यादी आज पाठवतो म्हणालो होतो, ती उद्यावर ढकलतोय. आज डेटनमध्ये कोणाचंच कामात लक्ष नव्हतं. रिपब्लिकनांचा अध्यक्षपदाचा उमेदवार मॅकेन आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार जाहीर करायला नटर सेंटरला येणार हे ठाऊक होतं. बहात्तरावा वाढदिवस, त्यामुळे केक वगैरे होईल आणि रॉम्नी नाहीतर पॉलेंटी यांच्यापैकी कोणाचा तरी हात धरून वर करेल, अशी ऑफिसात पैज लागली होती. नाव फुटलं सारा पेलिन, अलास्काची गव्हर्नर. दोन मिनिटांत अख्खा मजला गुगलवर. माझ्या शेजारी बसणारा कट्टर रिपब्लिकन मलाच विचारतो, "ही कोण?" म्हटलं, बाबा रे, पक्ष तुझा!

काल रात्री डेन्व्हरला डेमोक्रॅटांच्या अधिवेशनात ओबामा ८४ हजार लोकांपुढे बोलला. आज दुपारी कोणी त्याचं नाव काढत नव्हतं. नुसतं एवढ्यासाठीसुद्धा ही चाल मला झकास वाटली. वसंतकाका, तुमचा माणूस आहे. बोला.

मिलिंद

---

वसंतकाका, स्प्रिंगफील्ड. ३० ऑगस्ट

चि. मिलिंद आणि सर्व मंडळी,

माझा माणूस आहे म्हणूनच कपाळावर हात मारून घेतला. २०००च्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) बुशला सोडून मी मॅकेनला मत दिलं होतं, आणि घरात त्यावरून अजून टोमणे ऐकतो.

हा सगळा उन्हाळा तो एकच गोष्ट सांगत होता: ओबामा बोलतो छान, पण अनुभव कुठाय? आणि त्याच्याजवळ दुसरं सांगण्यासारखं होतं तरी काय? घरांच्या किमती कोसळतायत, बुशचं नाव काढलं की लोक तोंड फिरवतात, इराकला सगळे कंटाळलेत. हुकमाचं पान एकच, ते त्यानं वाढदिवसाच्या मुहूर्तावर स्वतःच्या हातानं फाडलं. बाई गव्हर्नर होऊन दोन वर्षंसुद्धा व्हायचीत. त्याआधी वसिला या पाच-सहा हजार वस्तीच्या गावच्या मेयर. बाई कर्तबगार असतील, नाही म्हणत नाही. पण उद्यापासून ओबामाला कच्चा म्हणायचं ते कोणत्या तोंडानं?

उपाध्यक्षाला घटनेनं काम असं थोडंच दिलंय. सिनेटचं अध्यक्षपद सांभाळा, मतं समसमान पडली तर एक मत टाका. खुद्द पेलिनबाईंनीच जुलैमध्ये टीव्हीवर विचारलं होतं, की हा उपाध्यक्ष दिवसभर करतो तरी काय! प्रश्न रास्त आहे. पण मुदत संपायच्या आत उपाध्यक्षाचा अध्यक्ष होण्याचा प्रसंग नऊ वेळा आलाय. आठदा अध्यक्ष गेले, एकदा निक्सननं राजीनामा दिला. ट्रुमन अवघे ८२ दिवस उपाध्यक्ष होता, आणि अणुबॉम्बची पुरती हकीकत त्याला रूझवेल्ट गेल्यानंतर सांगितली गेली. मॅकेन आला तर पहिल्यांदा शपथ घेणाऱ्यांत तो सर्वांत वयस्कर असेल. रेगनसुद्धा तेव्हा सत्तरीच्या आत होता. शिवाय मॅकेनचं कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं आहे. माझं वय त्याच्या आगेमागेच आहे, म्हणून मी हे लिहू शकतो. तुम्ही पोरांनी लिहिलं असतं तर रागावलो असतो.

१९७२ साली डेमोक्रॅट उमेदवार मॅक्गव्हर्ननं असंच घाईगर्दीत ईगलटनला उपाध्यक्षपदासाठी घेतलं. त्याला पूर्वी विजेच्या झटक्यांचे उपचार दिले होते हे बाहेर आलं आणि १८ दिवसांत उमेदवार बदलावा लागला. मी तेव्हा विद्यार्थी, मत नव्हतं, पण डिपार्टमेंटमधल्या लोकांचं बोलणं आठवतं. ईगलटनची कीव येत होती सगळ्यांना. राग होता तो मॅक्गव्हर्नवर, की पहिलाच मोठा निर्णय आणि त्यात एवढा गोंधळ. शेवटी मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी, एवढंच त्याच्या पदरात पडलं. पेलिनबाई कशा आहेत ते कळेलच. मॅकेन निवड कशी करतो ते मात्र आत्ताच कळलं.

वसंतकाका

---

अनघा, कोलंबस. १ सप्टेंबर

काका, नमस्कार.

आधी एक सांगते. पेलिनबाईंची मुलगी गरोदर असल्याची आजची बातमी इथे कोणी चघळू नये. ओबामानंही तेच सांगितलंय, माझी आई अठराची असताना मी झालो म्हणून. विषय संपला.

आता माझं भांडण. मी ४ मार्चच्या प्रायमरीत ओबामाऐवजी हिलरीला मत दिलं, आणि ओहायो तिनं जिंकलं. जूनमध्ये ती थांबली तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही. डेटनच्या भाषणात पेलिनबाईंनी १९८४ची डेमोक्रॅट उपाध्यक्षपदाची उमेदवार फेरारो हिचं नाव घेतलं, हिलरीचं घेतलं, तिच्या मतांनी बायकांना अडवणाऱ्या काचेच्या छताला पाडलेल्या एक कोटी ऐंशी लाख तड्यांची आठवण करून दिली, उरलेलं छत आपण फोडू म्हणाल्या. म्हणजे आम्ही रुसलोय आणि आमची समजूत काढायला ही बाई पाठवली! दुधाची तहान ताकावर म्हणावं, तर हे ताकही दुसऱ्याच गोठ्यातलं.

लिली लेडबेटर माहीत आहे ना? अलाबामात गुडइयरच्या कारखान्यात सुपरवायझर होती. त्याच कामाचे पुरुषांना जास्त पैसे मिळत होते, हे तिला नोकरीच्या अखेरीला कळलं. सुप्रीम कोर्टानं गेल्या वर्षी ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, बाई, तक्रारीची मुदत टळून गेली. कळलंच नाही तर तक्रार करणार कशी? तो कायदा सुधारायचं बिल एप्रिलमध्ये सिनेटमध्ये अडलं, आणि मॅकेनचा त्याला विरोध होता. गुडइयरचं मुख्य ऑफिस आपल्याच ॲक्रनला. या ओहायोत येऊन मला छत फोडायच्या गोष्टी सांगायच्या तर आधी लिलीबाईंच्या पगाराचं बोला.

माझ्या वॉर्डमधल्या दोन नर्सेस मात्र खूश आहेत. पाच मुलं, त्यातलं धाकटं डाऊन सिंड्रोमचं, चारच महिन्यांचं, आणि बाई कामावर. "ती आमच्यासारखी दिसते," म्हणाल्या. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अनघा

---

सचिव, मंडळ. २ सप्टेंबर

सर्वांना विनंती. आपली संस्था करकायद्याच्या कलम ५०१(सी)(३)खाली करमुक्त आहे. संस्थेच्या नावानं कोणत्याही उमेदवाराचा प्रचार चालत नाही. आपापली मतं आपापल्या सहीनं लिहा. आणि मिलिंद, ती यादी?

---

मिलिंद. २ सप्टेंबर

यादी सोबत जोडली आहे. उकडीचे मोदक फक्त दोन घरांतून, बाकी सगळ्यांनी तळणीवर भागवलंय.

काका, "गावची मेयर" म्हणून बाईंना उडवून लावू नका. अलास्काचा यांच्या आधीचा गव्हर्नर मर्कोवस्की पूर्वी सिनेटर होता. गव्हर्नर झाल्यावर रिकाम्या झालेल्या सिनेटच्या जागेवर त्यानं कोणाला नेमलं? स्वतःच्या मुलीला! आपल्याकडच्या साखरसम्राटांनी त्याची शिकवणी लावावी. २००६ साली पक्षाच्या प्रायमरीत त्याला कोणी पाडलं, तर या बाईंनी. पुढाऱ्यांचा आशीर्वाद नसताना. आणि गव्हर्नर झाल्यावर तेल कंपन्यांवरचा कर वाढवला, रिपब्लिकन असून. हिलरीची जागा भरायला त्यांना आणलंय असं अनघा म्हणते. मला वाटतं चर्चवाली मंडळी मॅकेनवर नाराज होती, त्यांना घराबाहेर काढायला आणलंय. २००४ला बुशनं ओहायो जेमतेम १ लाख १८ हजार मतांनी घेतलं होतं. हे लोक घरी बसले तर मॅकेन इथेच संपला.

आणि अनपेक्षित नावांना आपण कधीपासून नाकं मुरडायला लागलो? गेल्या वर्षी प्रतिभाताईंचं नाव आलं तेव्हा दिल्लीत किती जणांच्या डोक्यात ते होतं? समोर शेखावत, म्हणजे चक्क विद्यमान उपराष्ट्रपती. तरी मराठी माणूस म्हणून शिवसेनेनं एनडीएला बाजूला ठेवून ताईंना मतं दिली. याच लिस्टवर पेढे वाटले होते आपण.

मिलिंद

---

वसंतकाका. ४ सप्टेंबर

चि. मिलिंद,

प्रतिभाताई आमदार, मंत्री, खासदार, राज्यपाल असं सगळं करून तिथे गेल्या. त्यांचं नाव अनपेक्षित होतं, पण माणूस पारखलेला होता. तेव्हा हा बादरायण संबंध राहू दे.

काल गणपती बसले, आरती झाली, पाहुणे गेले आणि मग सेंट पॉलच्या रिपब्लिकन अधिवेशनातलं पेलिनबाईंचं भाषण पाहिलं. बाई बोलल्या उत्तम. हॉकी मॉम (पोरांच्या हॉकीपायी धावपळ करणारी आई) आणि पिटबुल कुत्रा यांच्यात फरक लिपस्टिकचा, या वाक्याला आमची हीसुद्धा हसली, आणि ती कट्टर डेमोक्रॅट. पण "त्या पुलाला नको म्हणून मी काँग्रेसला सांगितलं" (काँग्रेस म्हणजे इथली संसद) हे आलं आणि मी उठून बसलो. नोकरीभर पूलच बांधले, त्यामुळे ही फाईल मला पाठ आहे.

अलास्कातल्या केचिकन गावासमोर ग्रॅव्हिना नावाचं बेट. वस्ती पन्नासएक, पण गावाचा विमानतळ तिथेच. विमान पकडायचं तर फेरीनं जावं लागतं. तेव्हा "कुठेच न जाणारा पूल" हे नाव मला कधी पटलं नाही. जाणार होता तो विमानतळावर. मात्र खर्च धरला होता सुमारे ४० कोटी डॉलर, त्यामुळे बोंब झाली ते बरोबरच. बोंब मारणाऱ्यांत मॅकेन पुढे होता. २००५च्या अखेरीस काँग्रेसनं "पुलासाठी" ही अट काढून टाकली, पैसा राज्याकडेच ठेवला. म्हणजे नको म्हणायचं काम वॉशिंग्टननं आधीच उरकलं होतं. २००६च्या प्रचारात पेलिनबाई पुलाच्या बाजूनं बोलत होत्या. २००७च्या सप्टेंबरात पूल रद्द केला, आणि पैसे? ते दुसऱ्या कामांना वळवले, परत पाठवले नाहीत. गव्हर्नर म्हणून यात वावगं काही नाही, कोणीही हेच करेल. पण हीच गोष्ट सांगून टाळ्या घ्यायच्या, आणि त्याही मॅकेनच्या व्यासपीठावर!

मॅकेनला खरा हवा होता लीबरमन, मूळचा डेमोक्रॅट, असं पेपरात आलंय. पक्ष फुटेल या भीतीनं लोकांनी अडवलं. मग शेवटच्या घटकेला हे. लीबरमनला घेऊन पडला असता तरी मी मान दिला असता.

वसंतकाका

---

अनघा. ५ सप्टेंबर

काका, पुलाचं पत्र जपून ठेवलंय. वॉर्डात वाचून दाखवणार.

मिलिंद, तुझं एक मान्य: बाईंना ३ कोटी ७० लाखांच्या वर लोकांनी पाहिलं, ओबामाच्या जवळपास तेवढेच. ओबामाचा उपाध्यक्षपदाचा जोडीदार बायडन, त्याच्या भाषणाचे आकडे कोणी विचारत नाहीये, ३६ वर्षं सिनेटमध्ये काढूनसुद्धा. पण बाईंनी ओबामाच्या जुन्या कम्युनिटी ऑर्गनायझरच्या (वस्तीतल्या लोकांना संघटित करण्याच्या) कामाची जी टिंगल केली ना, मेयरला निदान खऱ्या जबाबदाऱ्या असतात म्हणून, ती मला झोंबली. शनिवारी दोनशे पानांची सोय, शाळेच्या हॉलचं डिपॉझिट आणि मखर चढवणारे चार जण, हे सगळं कोण करतं? आमच्या सचिवांना विचारा जबाबदारी म्हणजे काय ते.

सचिव, एक विचारायचं होतं. मतदार नोंदणीचे फॉर्म ठेवले तर चालेल का? पक्षाचं नाव, बिल्ले काही नाही, नुसती नोंदणी. ओहायोत ६ ऑक्टोबरपर्यंतच मुदत आहे, आणि नवे सिटिझन झालेले निम्मे लोक अजून नोंदलेले नाहीत.

अनघा

---

सचिव. ५ सप्टेंबर

चालेल, कायद्यानं नोंदणीला हरकत नाही. टेबल चपला काढतात तिथे लावा, प्रसादाच्या रांगेत नको. आणि टेबलावर वसंतकाका व मिलिंद यांना एकत्र बसवू नये.