मदत हवी आहे: विकिपीडियासाठी सतरा नकाशे काढले, एकही दुसऱ्याशी जुळत नाही

तिरकी_रेघ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने विकिपीडियावरच्या नद्यांच्या लेखांसाठी नकाशे काढतोय. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये थर जमवायचे, एसव्हीजी (रेषांच्या रूपातली चित्रफाइल) काढायची, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नावं टाकायची आणि कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या कोठारात, चढवायची, असा शिरस्ता. परवा हौसेनं सगळे सतरा नकाशे शेजारी शेजारी लावून पाहिले आणि ओशाळलो. पहिल्यात पाणी गडद निळं, पाचव्यात मोरपंखी, नवव्यात चक्क राखाडी (त्या दिवशी तो रंग मला भारदस्त वाटला होता). सीमा कुठे काळी, कुठे लाल. एकेकटा बघितला तर कुठलाच वाईट नाही, पण सतरा जणांनी एकमेकांचं तोंड न बघता काढल्यासारखे दिसतात.

त्यातच एका जुन्या सदस्यानं चर्चापानावर सांगितलं की रंग ठरलेल्या संकेतांप्रमाणे नाहीत आणि स्थाननकाशाच्या साच्यात (अक्षांश-रेखांश दिले की तयार नकाशावर गावाचा ठिपका टाकतो तो) ठिपका भलतीकडेच पडतोय. दोन्ही खरं आहे. संकेतांचं पान मी वाचलं, पण तिथले फिकट पिवळट रंग मला पडेल वाटतात. ते पाळायलाच हवेत का? ठिपका का हुकतो? आणि देवनागरी नावांचं काय करायचं? माझ्या पडद्यावर छान दिसणारं ‘पश्चिम’ कॉमन्सवर मोडून पडलं, नदीच्या वळणावर बसवलेलं तिचं नाव तर गायबच झालं. एका नकाशात कोपऱ्यातल्या टिपेच्या जागी काळा ठोकळा आलाय.

जाणकारांनी मदत करावी. पुन्हा काढायची तयारी आहे, फक्त तिसऱ्यांदा काढायला लागू नयेत.

पाणवठा

रंगांपासून सुरू करतो, कारण तिथेच तुमची अढी दिसतेय. स्थाननकाशाचे रुळलेले रंग असे आहेत, लाल-हिरवा-निळा या क्रमानं. ज्या प्रदेशाचा नकाशा तो २५४, २५४, २३३. शेजारचे प्रदेश २४६, २२५, १८५. पाणी १९८, २३६, २५५. किनारा आणि नद्यांच्या रेषा ९, १२०, १७१. सीमा १००, १००, १००, म्हणजे काळी नव्हे, मध्यम राखाडी.

पडेल वाटतात म्हणता, तर ते पडेलच असायला हवेत. स्थाननकाशा हा फळा आहे, खडू दुसऱ्याच्या हातात असतो. उद्या कुणी त्यावर धरणांचे ठिपके टाकेल, परवा कुणी लोहमार्ग ओढेल. तळच भडक असेल तर त्या बिचाऱ्याला रंगच उरत नाही. नवव्या नकाशात राखाडी पाण्यावरून ही राखाडी सीमा ओढली तर तुम्हाला तरी दिसेल का?

मात्र हेच रंग प्राकृतिक नकाशाला लावू नका, त्याची पट्टी वेगळी आहे. सखल भाग हिरवा (१७२, २०८, १६५), मग पिवळट, मग तपकिरी होत होत अगदी उंच शिखरं जवळजवळ पांढरी (२४५, २४४, २४२). यातली गोम अशी की वाचक हिरवं म्हणजे झाडी समजतो. सखल वाळवंटही या पट्टीत हिरवंच दिसतं. त्यामुळे सूचीत मीटरचे आकडे हवेतच, नुसती ‘कमी’ आणि ‘जास्त’ अशी टोकं लिहून भागत नाही.

अक्षांशवेल्हाळ

ठिपक्याचं सांगतो. क्यूजीआयएसमध्ये रिकाम्या प्रकल्पात तुम्ही सगळ्यात आधी ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाची पार्श्वभूमी टाकली असणार. क्यूजीआयएस पहिल्या थराचंच प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची रीत) प्रकल्पाला लावतं, म्हणजे वेब मर्केटर, क्रमांक ३८५७. तुम्ही नंतर टाकलेले थर मुकाट त्यात बसले आणि तुम्हाला पत्ता लागला नाही.

स्थाननकाशाचा साचा अगदी भोळा आहे. त्याला चार कडांचे आकडे द्यायचे आणि तो सरळ त्रैराशिक मांडतो. उत्तर कडा २२, दक्षिण कडा १८, गाव १९ अक्षांशावर असेल तर वरून तीन चतुर्थांश खाली ठिपका. हे फक्त इक्विरेक्टँग्युलर प्रक्षेपणात खरं ठरतं, जिथे प्रत्येक अंश सारख्याच उंचीचा असतो. मर्केटरमध्ये ध्रुवाकडे जाल तसे अंश लांबत जातात.

छोट्या खोऱ्याच्या नकाशात ही चूक डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून ती इतके दिवस खपली. पण १० ते ४० अक्षांशांचा, १००० पिक्सेल उंचीचा मर्केटर नकाशा घ्या. २५ अक्षांशावरचं गाव साचा बरोबर मध्यावर टाकतो, पण नकाशात त्याची खरी जागा ३१ पिक्सेल खाली असते. जमिनीवर हे अंतर शंभर किलोमीटरहून जास्त भरतं. नदीकाठचं गाव दुसऱ्याच खोऱ्यात जाऊन बसतं.

उपाय: प्रकल्पाचं प्रक्षेपण क्रमांक ४३२६ करा, म्हणजे सगळे अंश सारखे होतील, आणि मग निर्यात करा. नकाशा बसका दिसेल, कारण विषुववृत्तापासून दूर गेल्यावर रेखांशांमधलं अंतर कमी होतं. मधल्या अक्षांशाच्या कोसाइननं १ ला भागा आणि तेवढा उभा ताण द्या. २५ अंशाला सुमारे ११० टक्के, ६० अंशाला थेट २०० टक्के. ताण सगळीकडे सारखाच असल्यामुळे साच्याचं गणित बिघडत नाही. आणि हो, ताण आधी द्या, नावं नंतर टाका. मी एकदा उलटं केलं होतं, सगळी गावं चवड्यांवर उभी राहिल्यासारखी दिसत होती.

शिरोरेखा

अक्षरांचा मामला माझा. तुमची ‘पश्चिम’ असलेली फाइल उघडून पाहिली. तुम्ही अक्षरांमधलं अंतर वाढवलंय. रोमन लिपीतल्या नकाशांत प्रदेशाचं नाव मोठ्या लिपीत, ऐसपैस पसरून लिहितात आणि पाण्याची नावं तिरपी. आपण ते बघून बघून तसंच करायला जातो. देवनागरीत अक्षरं पसरली की शिरोरेखा तुटते, ‘प’ एकीकडे, ‘श्चि’ दुसरीकडे, ‘म’ तिसरीकडे. शब्द राहतच नाही, तीन सुटी अक्षरं राहतात. अंतर शून्य ठेवा.

मोठी लिपी आपल्याकडे नाहीच. तिरपेपणही बहुतेक फाँटांत नुसतं ढकलून वाकवलेलं असतं, बारीक आकारात मात्रा आणि रफार एकमेकांत घुसतात. मग नावांची उतरंड दाखवायची कशी? मी आकार, जाडी आणि रंग एवढ्यावर भागवते. प्रदेश मोठा आणि राखाडी, शहर ठळक काळं, गाव साधं काळं, पाणी किनाऱ्याच्या निळ्यात. चार पातळ्या पुरतात. पाचवी लागतेय असं वाटलं तर नकाशात नावंच जास्त झालीत असं मी समजते.

नदीचं नाव गायब झालं ते लिबआरएसव्हीजीमुळे. कॉमन्सवर एसव्हीजीचं पीएनजी (ठिपक्यांचं साधं चित्र) हेच सॉफ्टवेअर करतं आणि वळणावर बसवलेला मजकूर त्याला उमगत नाही. नाव सरळ ठेवा आणि नदीच्या कलाप्रमाणे थोडं फिरवा. वळणावर शिरोरेखा तशीही खिळखिळी दिसते. काळा ठोकळा म्हणजे इंकस्केपमध्ये चौकट ओढून तिच्यात लिहिलेला मजकूर. तो साध्या मजकुरात बदलून घ्या.

वैतागून सगळी अक्षरं रेषांत बदलू नका, हे हात जोडून सांगते. दिसेल छान, पण उद्या कुणाला कन्नड किंवा बंगाली नावं घालायची तर त्याला सगळं पुसून नव्यानं लिहावं लागेल. मजकूर मजकूरच ठेवा. फाँटच्या यादीत शेवटी सॅन्स-सेरिफ हा सर्वसाधारण पर्याय असू द्या, कारण तुमच्या संगणकावरचा हौशी फाँट सर्व्हरवर नसतो. एकाच एसव्हीजीत अनेक भाषांची नावं ठेवता येतात. लेखात चित्र लावताना भाषेचा संकेत दिला की त्या भाषेतली नावं दिसतात. एसव्हीजी ट्रान्सलेट नावाचं साधन त्यासाठीच आहे.

मोकळा_श्वास

थोडा विरोधी सूर. सगळं एकसाची करायचा हा अट्टहास कशाला? प्रत्येक लेखाची गरज वेगळी असते.

पाणवठा

गरज वेगळी असेल तिथे वेगळं करावंच. क्षेत्रघनी नकाशात (जिल्हे आकड्यांप्रमाणे रंगवतात तो) लोकसंख्येची घनता दाखवायची तर फिकट ते गडद अशी एकाच रंगाची चढती पट्टी लागते, तिथे स्थाननकाशाचा पिवळट काय कामाचा? (आणि घनताच दाखवा, एकूण लोकसंख्या नको. नाहीतर मोठ्या क्षेत्रफळाचा जिल्हा उगाच गडद होऊन बसतो.) तिथेही लाल-हिरवी जोडी टाळतात, कारण उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना तो फरक नीट दिसत नाही. म्हणजे वेगळेपणालाही कारण असतं. ‘त्या दिवशी भारदस्त वाटला’ हे कारण नव्हे. तिरकी_रेघ, राग मानू नका.

तिरकी_रेघ

राग कसला, खरंच आहे ते. प्रक्षेपण ३८५७ च निघालं. चौथा नकाशा नवीन रंगांत काढून बघितला. दोन मिनिटं पडेल वाटला, मग त्यावर धरणांचे लाल ठिपके टाकले आणि फळा-खडूचं पटलं.

एक नवीन भानगड सापडलीय. माझी नदी समुद्रापर्यंत पोचतच नाही, मुखाच्या अलीकडे जमिनीवरच संपते. दुसऱ्या एका नकाशात उलट, समुद्रात घुसते. थर नॅचरल अर्थ (जगाच्या नकाशा-माहितीचा मुक्त संच) आणि ओपनस्ट्रीटमॅपचे आहेत. दोन नकाशे मात्र एका छापील नकाशासंग्रहाचं पान स्कॅन करून गिरवलेत.

अक्षांशवेल्हाळ

किनारा नॅचरल अर्थचा १:११ कोटीचा घेतलात ना? तो जगाच्या नकाशासाठी आहे, खाड्याबिड्या त्यात सपाट केलेल्या असतात. नदी ओपनस्ट्रीटमॅपची, तीत प्रत्येक वळण आहे. दोघांची गाठ पडणार कशी? दोन्ही एकाच तपशिलाच्या पातळीवरचे घ्या. नॅचरल अर्थचा १:१ कोटीचा संच आहे, नाहीतर किनाराही ओपनस्ट्रीटमॅपचाच घेऊन दोन्ही रेषा सारख्याच साध्या करा. माझ्या मते रंग चुकण्यापेक्षा हे वाईट. रंग बदलायला पाच मिनिटं लागतात.

गिरवलेले दोन काढून टाका. डोंगर कुठे आहे यावर कुणाचा हक्क नसतो, पण तो कसा काढलाय यावर असतो. नॅचरल अर्थ सार्वजनिक अधिक्षेत्रात, म्हणजे हक्कमुक्त आहे, ओपनस्ट्रीटमॅपला फाइलच्या पानावर श्रेय द्यावं लागतं. उठावासाठी एसआरटीएमची उंची घ्या. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून ११ दिवसांत मोजलेली, ६० उत्तर ते ५६ दक्षिण अक्षांशांपर्यंत. तीही मुक्त आहे.

शिरोरेखा

सतरा फाइल एकेक करून दुरुस्त करत बसू नका. एक कोरी फाइल करा. तिच्यात थरांना नावं द्या: पाणी, शेजार, प्रदेश, नद्या, सीमा, ठिपके, नावं. थर याच क्रमानं खालून वर. रंग आणि रेषांची जाडी तिच्यातच ठरवून टाका. मग प्रत्येक नकाशा तिच्या प्रतीवर काढायचा. वादग्रस्त सीमा असेल तर तुटक रेष, तीही आधीच करून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कुणाची बाजू घेतली असं होत नाही.

तिरकी_रेघ

कोरी फाइल केली. ‘नद्या’ थरावर मुख्य नदी २ पिक्सेल, उपनद्या १ पिक्सेल ठेवल्यात. पाच नकाशे तिच्यात बसवून झाले आणि शेजारी शेजारी लावले, आता एकाच घरचे वाटतात. ‘पश्चिम’ सांधलंय. गिरवलेले दोन काढून टाकावेत म्हणून विनंती टाकलीय.

एकच राहिलं. जुन्या फायलींवरच नवीन आवृत्ती चढवू की नव्या नावानं टाकू? तीन नकाशे इतर भाषांच्या लेखांतही वापरलेत.

पाणवठा

रंग-अक्षरांची दुरुस्ती असेल तर त्याच नावावर चढवा, सगळीकडे आपोआप बदलेल. पण मर्केटरचे होते ते नव्या नावानं टाका. त्या तीन लेखांत कुणी ठिपका हातानं सरकवून बरोबर जागी आणला असेल, तर तुमच्या दुरुस्तीनं तो पुन्हा चुकेल.

तिरकी_रेघ

बघितलं. एकात खरंच सरकवलाय, ३ टक्के खाली. नव्या नावानं टाकतो आणि त्या लेखाच्या चर्चापानावर निरोप ठेवतो.