मदत हवी आहे: पार्कर ५१ फाउंटन पेनाचा रंग प्लम की बरगंडी?

नव्या पेठेत जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाकडे अमेरिकी बनावटीचं पार्कर ५१ बघून ठेवलंय. तो रंग 'प्लम' सांगतो. प्लम १९४८-४९ च्या सुमारास थोडाच काळ निघाला, म्हणून किंमतही बरीच चढी. रंग मात्र वेड लावणारा आहे: दुकानात जवळपास काळा, उन्हात धरला की पिकल्या जांभळासारखा!

बॅरल (पेनाचा मागचा भाग) उघडून पाहिलं, शाईची भरणी एरोमेट्रिक (आतली नळी दाबून शाई ओढणारी) आहे, म्हणजे काळ जुळतो. बॅरलवरचं 'मेड इन यूएसए' भिंगातून वाचता येतं, पण वर्षाचा आकडा पॉलिशने घासून गेलाय. माझ्या बरगंडी (गडद लाल) पेनाशेजारी उन्हात ठेवलं तर हे जास्त निळसर दिसतं, ट्यूबलाइटखाली मात्र दोन्ही सारखेच. निब झाकणाऱ्या हूडची छटा बॅरलपेक्षा किंचित लालसर वाटते, तीच मला खटकतेय. या पेनांचे सुटे भाग सर्रास बदललेले असतात. मोबाइलच्या फोटोत रंग दर वेळी वेगळा येतो, म्हणून फोटो टाकत नाही. हूड काढून बघायला विक्रेता तयार नाही आणि रविवारपर्यंतच थांबणार आहे.

ज्यांच्याकडे खात्रीचं प्लम आहे त्यांनी कृपया सांगा: हूड न काढता प्लम आणि बरगंडीतला फरक कशावरून ओळखायचा? आणि बॅरल प्लम, पण हूड बरगंडीचं निघालं, तर प्लमची किंमत मोजावी का?