थाय ग्रीन करी पेस्टसकट घरी करायचीय, तवंग कसा येतो?

पोटोबा_पुणे:
लोकहो, थाय ग्रीन करी म्हणजे आपला वीक पॉइंट. बाटलीतल्या पेस्टची बऱ्याचदा केली, बरी होते, पण आता पेस्टपासून सगळं घरीच करायचं डोक्यात बसलंय. गलांगल नाही मिळालं तर आलं चालेल का, गवती चहाची पातीच वाटायची का, आणि मुख्य म्हणजे वर तो हिरवट तेलाचा तवंग येतो तो कसा आणायचा? माझी करी सूपसारखी एकजीव होते. बायको मासे-कोळंबी खात नाही तेही बघायचंय.

नारळीभात:
तवंगाचं आधी सांगते. सोलकढीमुळे आपल्याला सवय असते की नारळाचं दूध तापवायचं नाही, फुटेल. इथे ते मुद्दाम फोडायचं! नारळ खवून थोड्याच कोमट पाण्यात वाटून जाड दूध काढ, ते फ्रीजमध्ये ठेवलं की वर साय जमते. ती साय कढईत घालून मध्यम आचेवर आटवायची, आधी बुडबुडे मोठे येतात, मग बारीक होतात, चरचर आवाज यायला लागतो आणि कडेने तेल सुटतं. मग त्यात पेस्ट परतायची, आणि पातळ दूध त्यानंतर. पॅकेटच्या दुधात बरेचदा ते फुटू नये म्हणून स्टॅबिलायझर असतो, मग कितीही आटव, तेल सुटत नाही. लेबल बघून घे, नाहीतर सरळ चमचाभर खोबरेल (खायचं हं) घालून पेस्ट परत.

खलबत्ता:
आलं घालून करी वाईट नाही होणार, पण ती थाय नाही लागणार. गलांगलला झाडपाल्याचा, थोडा औषधी वास असतो. गवती चहा तोच, पण पाती चहाला, पेस्टला खालचा पांढरट दांडा. मंडईत नुसती पाती मिळते म्हणून कुंडीत लावून टाक, मरता मरत नाही. कोथिंबीर मुळासकट घे, खरा स्वाद मुळात आहे. बाकी लवंगी मिरची, लसूण, सांबारातले छोटे कांदे, भाजलेले धने-जिरे, पांढरी मिरी आणि मकरूट लिंबाची साल, ती नसेल तर साध्या लिंबाची फक्त हिरवी साल किसून. आधी मीठ घालून चिवट जिन्नस कुटायचे, ओले शेवटी. मिक्सरमध्ये फिरवायला पाणी घालावं लागतं आणि मग पेस्ट परतली न जाता शिजत बसते, माझा तरी त्याला सक्त विरोध आहे.

चमचमीत:
बेसिल मिळालं नाही तर अंगणातली तुळस टाका की, थाय लोक तुळस वापरतातच.

नारळीभात:
@चमचमीत वापरतात, पण ती पाड क्रापाव मध्ये, मिरची-लसणावर परतलेल्या खिम्यात. ग्रीन करीत होरफा लागतो, तो आपल्या सब्जाच्या जातीतला, बडीशेपेसारखा वास. सब्ज्याची पानं मिळाली तर तीच घाल, गॅस बंद करताना.

डोंबिवलीकर:
व्हेजसाठी फिश सॉसऐवजी लाइट सोया सॉस आणि मीठ, कोळंबीच्या पेस्टऐवजी चमचाभर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट). गूळ किंचित, गोडघाशी करू नका. मासे खाणाऱ्यांसाठी मी तर जवळा कोरडा भाजून पेस्टबरोबर कुटतो, अस्सल नाही पण कोकणी माणसाला त्याचा वास आला की पुढचं विचारू नका 😄

पोटोबा_पुणे:
भारी! शनिवारी मंडईत जातोय. भात जॅस्मिनच लागतो का?

खलबत्ता:
असला तर उत्तम. नसला तर इंद्रायणी कर, थोडा चिकट होतो, वासही छान. फक्त बासमती नको, रस्सा सगळा खाली निथळतो.