पर्यटकांची डोकी मोजून कोकणाचा फायदा कळतो का?

खाजणकाठ
पर्यटन खात्याला २०२५ च्या कामगिरीत दाखवण्यासारखं खरंच बरंच होतं. जुलैत मराठ्यांचे किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आपल्या किनाऱ्यावरचे. श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघरला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्याचा आंतरराष्ट्रीय दर्जा, मिळाला. अभिनंदन. पण पुढे "अर्थव्यवस्थेला चालना" म्हणून पर्यटकांचा आकडा ठेवतात, तिथे माझं अडतं. कोल्हापूरहून रविवारी डबे घेऊन आलेला माणूस आणि घरगुती खोलीत चार रात्री राहिलेला, दोघेही आकड्यात एकेकच. पॅकेज पुण्यात बुक, कमिशन अ‍ॅपवाल्याला, हॉटेल बाहेरच्याचं. गावाला कचरा आणि मे महिन्यात तळ गाठलेली विहीर. गावात पैसा किती थांबला ते मोजा.

तारकर्लीची_लाट
साफ अमान्य. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला तेव्हा इथल्या पोरांना मुंबईची गाडी धरण्याशिवाय काय होतं? मनीऑर्डर आली की चूल पेटायची. आज रापणकराचा (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याचा) मुलगा स्कूबाला माणसं नेतो, आई न्याहारी-निवासच्या खोल्या बघते. लिलावात घेतलेली सुरमई खानावळीत जाते, बर्फवाल्याचं भागतं, चादरी धुणारीचं भागतं. आणि तो डबेवालासुद्धा किल्ल्याच्या होडीचं तिकीट काढतो, जाताना खाऊ म्हणून खाजं घेतो.

दर्याकडचो
दोघांचाय खरा. पण जून लागलो की ३१ ऑगस्टपर्यंत पाण्यातले खेळ बंद. होडयेचो हप्तो बंद जाता काय? २०२५ मदी तर २५ मेकच पाऊस इलो, शिझनाचो शेवट धुवान ग्येलो. ह्या खंयच्या अहवालात येतला?

खाजणकाठ
@तारकर्लीची_लाट, सगळं कोकण म्हणजे तारकर्ली नव्हे. वेळासला कासवांची पिल्लं बघायला येणारे लोक गावातल्याच घरांत राहतात-जेवतात. माणसं थोडी, पण पैसा घरोघर. डोकी मोजणाऱ्या तक्त्यात वेळास दिसणारसुद्धा नाही. अलिबागच्या बाजूला उलटं: गर्दी अफाट, जमिनी मात्र केव्हाच विकल्या गेल्या, मूळ मालकाच्या घरातले कुणी कुणी फार्महाऊसवर माळीकाम करतात.

ठाणे_ते_राजापूर
आधी रस्ता पुरा करा हो. चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. आणि गणपतीत गावी जाणारा मी पर्यटकांत धरलाय का, तेही कुणीतरी सांगा.

तारकर्लीची_लाट
@खाजणकाठ, वेळासचं मान्य, पण मोजणार कसं? होडीवाल्याचा व्यवहार बराचसा रोख. खोल्यावाल्यांकडे पावत्या मागितल्यात तर निम्मे नोंदणीच काढून टाकतील. डोकी निदान जेटीवरच्या तिकिटांवरून कळतात.

खाजणकाठ
पावत्या नकोतच. किनाऱ्यावरची दहा-बारा गावं धरा, डिसेंबरात आणि मेमध्ये घरोघर विचारा: माणसं किती रात्री राहिली, मासळी-भाजी कुठून घेतली, कामाला गावातलं कोण. अगदीच नाही तर खोल्या किती चालल्या ते वीजबिलावरून बघा. एवढं काम तालुक्याच्या कॉलेजातली मुलंही करतील. तुमच्या वाडीपासून सुरुवात करू?

तारकर्लीची_लाट
या. पण वीजबिलं बघून कुणाचं मीटर व्यापारी दरात गेलं, तर वाडीला उत्तर तुम्ही द्यायचं.

दर्याकडचो
जूनात येवा. तेवा आमी सगळे घराकच गावतलों.