जुने टीव्ही-मोबाईल भंगारवाल्याला देणं बंद करायला हवं का?

कृष्णाकाठ, सांगली
२०१९ च्या महापुरानंतर गणपती पेठेत, हरभट रोडला दारोदार भिजलेल्या फ्रिज-टीव्हींचे ढीग होते. पुढं त्यांचं काय झालं, कुणी विचारलं? माझं म्हणणं सरळ आहे. इलेक्ट्रॉनिक माल भंगारवाल्याला देणं बंद करा. तांब्यासाठी वायरी जाळल्या की डायऑक्सिनसारखं विष हवेत जातं. आतले सर्किट बोर्ड सोन्यासाठी तेजाबात (अ‍ॅसिडमध्ये) बुडवतात, उरलेलं पाणी गटारात ओततात. जुन्या ट्यूबच्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं, ते वेगळंच. १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू आहेत: जबाबदारी कंपन्यांची, माल नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायचा. मग चोरवाट आपणच का चालू ठेवायची?

मिरजकर पोरगा
भावा, बाबा भंगाराचाच धंदा करतात, म्हणून बोलतो. तिसऱ्या मजल्यावरून फ्रिज पाठीवर कोण उतरवतं? वर पैसे कोण देतं? कंपनीच्या नंबरला फोन लावून बघा, मग बोलू. आणि सगळं जळत नाही ओ. निम्म्या गोष्टी दुरुस्त होतात. तुमचा टाकलेला फ्रिज कुपवाड एमआयडीसीतल्या कामगाराच्या खोलीत अजून पाणी गार करतोय. हे रिसायकलिंगपेक्षा वाईट आहे का?

कृष्णाकाठ
दुरुस्तीला विरोध नाहीच. जो दुरुस्त होत नाही त्याचं बोला.

मास्तर निवृत्त, विश्रामबाग
नुसतं मिरजेला धरून काय उपयोग? २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला नोंदीसकट गोळा होऊन रिसायकल झाला २२.३ टक्के. बाकीचा कुठं गेला, याची नीट नोंदच नाही. घानातल्या अगबोगब्लोशी या भंगारबाजारात युरोपचा माल 'वापरलेला' म्हणून उतरायचा. घातक कचरा दुसऱ्या देशात पाठवण्यावर बंधनं घालणारा बाझल करार १९८९ चा, पण अमेरिकेनं अजून त्याला मान्यता दिलेली नाही. आणि बंदीचं म्हणाल तर २०२१ मध्ये घानाच्या सरकारनं अगबोगब्लोशीवर बुलडोझर फिरवला. काम थांबलं नाही, आजूबाजूला पांगलं. आधी एका जागी दिसत तरी होतं.

कृष्णाकाठ
म्हणजे करायचं काहीच नाही? सर, हे 'सगळेच चोर' झालं.

गलाईवाला, विटा
खानापूर तालुक्यातली आमची माणसं देशभर सोन्या-चांदीची गलाई करतात, म्हणजे वितळवून शुद्ध करतात, त्यामुळं तेजाबाचं आम्हाला शिकवायला नको. धूर छातीत जातो म्हणजे काय, तेही घरात बघितलंय. बोर्डात सोनं असतं हे खरं. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानी लोकांच्या जुन्या उपकरणांतून ३२ किलो सोनं काढलं, त्यात मोबाईलच ६२ लाखांच्या घरात होते. म्हणजे एका उपकरणामागं किती थोडं, हिशोब करा. पण गल्लीतल्या तेजाबात सोनं सुटतं आणि पॅलेडियमसारखे मौल्यवान धातू बहुतेक वाया जातात. बेल्जियममधल्या होबोकेनच्या भट्टीत सतरा धातू काढतात. म्हणून माझं मत दोघांपेक्षा वेगळं: गोळा करणं आणि खोलणं भंगारवाल्याकडंच राहू द्या, त्याच्याइतकं हातानं सुटं कुणी करत नाही. बोर्ड मात्र न फोडता पुढं गेला पाहिजे.

कृष्णाकाठ
आणि तो न फोडता गेला, हे कुणी बघायचं? पावती असल्याशिवाय मी तरी देणार नाही.

मिरजकर पोरगा
पावती देऊ की! पण अख्ख्या बोर्डाला फोडलेल्यापेक्षा जास्त भाव मिळाला तर कोण फोडत बसेल? आत्ता रिसायकलर दहा-वीस किलोसाठी दारात उभं करत नाही. पाच-सहा दुकानं एकत्र आली तर टेम्पो भरेल. बाबांना विचारतो.

गलाईवाला, विटा
हे बोललास! मालकांना सांग, भाव ठरवताना वजनावर जाऊ नका. मोबाईलचा बोर्ड आणि टीव्हीचा बोर्ड एका काट्यावर टाकला की बुडालाच.

सौ. माधवनगर
तुमचं चालू दे, पण माझ्या जुन्या मोबाईलची बॅटरी फुगलीय. घंटागाडीत टाकू का?

मिरजकर पोरगा
नको काकू, गाडीत दाबली गेली की पेट घेते. टोचू नका, चार्जिंगला लावू नका. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा, गॅसपासून लांब. लवकरात लवकर दुकानात आणून द्या, त्याचे पैसे मिळणार नाहीत एवढं मात्र आधीच सांगतो.